उरलेली नऊ नखं

आपल्याकडे पुरुषाने एक नख वाढवलं तर कुणी काही म्हणत नाही. करंगळीचं. एसटीच्या कंडक्टरचं पाहिलंय, रिक्षावाल्याचं पाहिलंय, आमच्या ऑफिसात व्हाउचरं सांभाळणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याचं तर रोजच पाहतो. त्या नखाने कान कोरता येतो, पाकिटाचं तोंड उघडता येतं, एकमेकींना चिकटलेल्या नोटा सोडवता येतात. काहीजण ते निव्वळ ऐटीसाठी ठेवतात. त्या एका नखामुळे कुणाच्या पुरुषपणाला ओरखडा उठलेला मी पाहिला नाही. भानगड सुरू होते ती उरलेल्या नऊ नखांपाशी.

तीही लांबीमुळे नव्हे. आमच्या पुण्याचेच श्रीधर चिल्लाळ घ्या. शाळकरी वयात, 1952 साली, त्यांनी डाव्या हाताची नखं कापणं बंद केलं ते 2018 पर्यंत. पाच नखांची मिळून लांबी भरली 909.6 सेंटीमीटर. गिनीज बुकात नाव लागलं. 11 जुलै 2018 रोजी न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरमध्ये विजेवर चालणाऱ्या छोट्या हत्याराने ती कापली आणि तिथल्याच संग्रहालयात ठेवली. तोवर त्यांचा डावा हात कायमचा अधू झाला होता. पण त्यांनी फोटोग्राफर म्हणून नोकरी केली, संसार केला. लोकांनी त्यांना हट्टी म्हटलं असेल, विक्षिप्त म्हटलं असेल, विक्रमवीर तर म्हटलंच. बायकी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. म्हणजे नऊ मीटर चालतात. दहा बोटांवर दीड-दीड सेंटीमीटर, बदामी आकाराचं आणि डाळिंबी रंगाचं, हे मात्र चालत नाही.

मला ते हवं होतं. मी क्रॉसड्रेसर आहे. लेखा विभागात नोकरी, लग्न झालेलं, कॉलेजात जाणारा मुलगा, आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक बॅग. बायको ही बॅग ओळखते. लग्नानंतर काही वर्षांनी मी तिला सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "माझ्या साड्यांना हात लावायचा नाही." तो करार आजवर पाळला गेला आहे. का नेसावंसं वाटतं, हे मला विचारलं तर सांगता येत नाही, आणि ज्यांना सांगता येतं त्यांचंही मला फारसं पटत नाही. नेसावंसं वाटतं, एवढं खरं.

पण या नादात एक अडचण आहे, तिच्याविषयी कुणी बोलत नाही. साडी नेसा, केस लावा, काजळ घाला, कानात झुमके अडकवा, त्यातलं तुम्हाला स्वतःला काहीही दिसत नाही. आरशापुढे उभं राहावं लागतं. आणि आरशात जी दिसते ती समोर असते, पलीकडे. तिच्याकडे पाहणारा तो पुन्हा मीच. आरसा सोडून दोन पावलं स्वयंपाकघराकडे टाकली की ती गेली. उरतो तो निऱ्या सांभाळत चालणारा एक माणूस. हातांचं तसं नाही. चहात साखर घालताना, वर्तमानपत्राचं पान उलटताना, चष्मा पुसताना हात आपल्यापुढेच असतात आणि त्यांना पाहायला मध्ये काच लागत नाही. नखं हा साऱ्या शृंगारातला मला वाटतं एकमेव भाग, जो करणाऱ्याला सतत, सरळ आणि काम करता करता दिसतो.

मग तुळशीबागेत मिळतात ती चिकटवायची नखं का नाहीत? ती वापरून झाली आहेत. दिसतात छान, पण त्यांच्यावर भरवसा नाही. त्यातलं एक आमच्याकडे काकडीच्या कोशिंबिरीत सापडलं आणि सुदैवाने ते माझ्याच ताटात आलं. शिवाय ती लावली की माणूस बोटं ताठ धरून नुसता बसतो. तेही पुन्हा आरशातल्यासारखंच झालं. मला हवी होती ती खऱ्या नखांवर चढवलेली, सहज न निघणारी ॲक्रिलिकची नखं.

बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीवेषातलं. नाटकाला लवकर पोचलो की मी त्यांच्यापुढे उगाच घुटमळतो. नारायण श्रीपाद राजहंस हा माणूस महाराष्ट्राने दोन्ही वेषांत मान्य केला. घरंदाज बायकांनी त्यांच्या नेसण्याची, केशरचनेची नक्कल केली. 12 मार्च 1911 रोजी 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली, आणि तरी ते भामिनी होऊन रंगमंचावर उभे राहिले. ही गोष्ट आपण अजून गहिवरून सांगतो. शालू नेसलेला बाप आपल्याला पटतो. पण त्याला अट आहे. तिकीट काढलेलं हवं, पडदा वर गेलेला हवा, आणि प्रयोग संपल्यावर रंग उतरला पाहिजे.

उतरणं महत्त्वाचं. विराटपर्वात अर्जुन बृहन्नडा होतो, तेव्हा त्याची पहिली काळजी असते धनुष्याच्या दोरीने हातांवर पडलेल्या घट्ट्यांची. ते झाकायला तो बांगड्या भरतो. वर्षभराने कौरवांशी लढायची वेळ येते, तेव्हा बांगड्या काढतो, हातांवर चामड्याची आवरणं चढवतो, मोकळे केस पांढऱ्या वस्त्राने बांधतो आणि गांडीव उचलतो. व्यासांना एवढ्यासाठी फार ओळी खर्चाव्या लागल्या नाहीत. बांगडीची सोय ही अशी. ॲक्रिलिकची नखं लावलेल्या अर्जुनाला उत्तराला रथ रोखून तासभर थांबायला सांगावं लागलं असतं, आणि तोवर कौरव गाई घेऊन हस्तिनापूरला पोचले असते.

म्हणून मी मे महिन्याची रजा निवडली. मुलगा मामाकडे ठाण्याला, ऑफिस बंद माझ्यापुरतं. पार्लर घरापासून चांगलंच लांब, शहराच्या दुसऱ्या टोकाला. फोनवर विचारलं होतं, "जेंट्सना करता का?" पलीकडून आलं, "हो, या की." त्या 'या की'वर विसंबून मी गेलो. मुलगी सोलापूरकडची, पंचविशीतली, तोंडाला मास्क. मी मनात बरीच उत्तरं तयार ठेवली होती. त्यातलं एक गिटारचं होतं. शास्त्रीय पद्धतीची गिटार वाजवणारे कित्येक पुरुष उजव्या हाताच्या नखांवर ॲक्रिलिक चढवून घेतात, तारेने नख झिजू नये म्हणून, हे मी वाचून ठेवलं होतं. दोन्ही हातांना डाळिंबी रंग हवा असल्याचं गिटार कसं समजावणार, हा भाग अजून सुचायचा होता. तिने काहीच विचारलं नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "शेप कुठला करू? आल्मंड, स्क्वेअर का कॉफिन?" नखाच्या आकाराला शवपेटीचं नाव देणाऱ्याला एकदा भेटायला हवं. मी आल्मंड म्हणालो.

मी मात्र तिला एक प्रश्न विचारला. हिशेबातला माणूस; रक्कम आत येण्याआधी बाहेर कशी जाणार ते पाहतो. "हे उतरवायचं कसं? आणि यात मिथिल मेथाक्रिलेट तर नाही ना?" ती पहिल्यांदाच मान वर करून हसली. हा प्रश्न बिनबुडाचा नव्हता. नखांसाठी सहसा एथिल मेथाक्रिलेट वापरतात. मिथिल स्वस्त पडतं, पण फार कडक होतं. कुठे आपटलं तर वरचं बनावट नख जसंच्या तसं राहतं आणि खालचं खरं फाटतं, शिवाय ते ॲसिटोनमध्ये लवकर विरघळत नाही. तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1970 च्या दशकातच त्याच्यावर कारवाई केली होती. तिने बाटली फिरवून लेबल माझ्यापुढे धरलं. एथिल.

मग टिपांचा डबा उघडला. शून्य नंबरची टिप सर्वांत रुंद, पुढे नंबर वाढत जातो तशी अरुंद होत जाते. माझ्या अंगठ्याला शून्यही पुरेना. क्षणभर मला वाटलं, आता ती म्हणणार, नाही जमत दादा. तिने डबा मिटला आणि कागदी फॉर्मची गुंडाळी काढली. हा चिकट कागद बोटावर बसवून नखाच्या टोकाखाली सरकवतात, आणि त्याच्या आधाराने हवं तेवढं नख तयार करतात. मापाचं मिळत नसेल तर जागेवर घडवायचं. "मोठ्या हाताला हेच बरं," ती म्हणाली. पुरुषाच्या हाताला, असं म्हणाली नाही. मी तिला टीप द्यायचं तिथेच ठरवलं.

काम पाहण्यासारखं असतं. आधी नखाभोवतीची कातडी मागे सारायची, नखावरची चमक घासून घालवायची, तेलाचा अंशही राहू नये म्हणून एक द्रव फिरवायचा, मग प्रायमर. मग ब्रश वाटीतल्या द्रवात, म्हणजे मोनोमरमध्ये, बुडवून टोक पांढऱ्या पुडीला टेकवायचं, की टोकाशी एक ओला मणी जमतो. तो नखावर ठेवून थोपटत पसरायचा. वास थेट दातांच्या दवाखान्याचा, आणि ते साहजिक आहे. कवळीचं रसायन याच कुळातलं. 1950 च्या दशकात फ्रेड स्लॅक नावाच्या अमेरिकन दंतवैद्याचं काम करताना नख तुटलं आणि त्याने दातांसाठीच्या ॲक्रिलिकने ते दुरुस्त केलं, तिथून हा सारा उद्योग निघाला असं सांगतात. म्हणजे पहिलं ॲक्रिलिक नख पुरुषाच्याच बोटावर बसलं. ही माहिती मी पार्लरमध्ये सांगितली नाही. तिथे कुणाला पुराव्याची गरज पडली नव्हती.

घट्ट होताना नखाला किंचित ऊब लागते. ब्रशच्या दांड्याने ती टक टक करून पाहते, आवाज नीट आला की पुढचं बोट. "दादा, हात ढिला सोडा की," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मला ते जमत नव्हतं. परक्या माणसाच्या हातात आपला हात इतका वेळ सोडून देण्याची पुरुषांना सवय नसते. ज्योतिषी आणि डॉक्टर सोडले तर आपला हात कोण धरून बसतं? दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाला पोचेपर्यंत तो आपोआप सैल झाला.

येताना स्कूटरवर हातमोजे घातले होते. पुण्यातल्या उन्हाळ्याचे हे उपकार. डोक्याला रुमाल, डोळ्यांना गॉगल, हातांना मोजे घालून निम्मं शहर हिंडतं, कुणाच्या आत कोण आहे याची कुणाला पडलेली नसते.

घरी आल्यावर मला कळलं की मी दहा बोटं नव्याने वापरायला शिकणार आहे. टेबलावर पडलेलं नाणं उचलता येत नव्हतं. कडेपर्यंत ओढत आणून खाली हातात पाडावं लागे. शर्टाचं बटण बोटाच्या टोकाने लागत नाही, पेराच्या मऊ भागाने ढकलावं लागतं. मोबाइलवर पिन टाकायला बोट आडवं करावं लागतं. हेल्मेटचा पट्टा, पायजम्याची नाडी, औषधाच्या गोळ्यांचं पाकीट, सगळ्यांनी परीक्षा पाहिली. उलट काही गोष्टी विलक्षण सोप्या झाल्या. टिकली पाकिटावरून अलगद सुटायची. लसणाची पाकळी एका फटक्यात सोलून निघायची. ऑफिसात शेजारच्या विभागातली एक मुलगी अशीच नखं घेऊन दिवसभर कीबोर्ड वाजवते. तो आवाज ऐकून मी कधीकाळी मनात म्हटलं होतं, हिला काम कमी दिसतंय. आता तिचा वेग मला अचंब्याचा वाटतो.

आणि जेवण. काट्या-चमच्याच्या देशात या नखांचा शोध लागला, त्यामुळे वरणभात कालवण्याचा विचार कुणी केलेला नाही. भात नखाखाली जातो, हळद नखाच्या कडेला बसते. त्यात मे महिना, म्हणजे आमरस. हापूसचा रस काढायचं काम आमच्याकडे माझं असतं. मी आंबा माचवायला घेतला, आणि बायकोने तो हातातून काढून घेतला. "आंब्याच्या भोकातून तुझी नखं माझ्या पुरीत यायला नकोत." मग माझे हात पाहिले, उलटे सुलटे केले आणि म्हणाली, "काम सफाईदार केलंय. रंग मात्र तुझ्या कातडीला जरा भडक आहे." त्या वाक्यात मला जे मिळालं ते सांगायला बसलो तर हा लेख भलतीकडे जाईल. एवढंच म्हणतो, की तिने माझ्या वेषाविषयी आजवर बरं-वाईट काही म्हटलेलं नव्हतं. मत द्यायचं तर आधी नीट पाहावं लागतं.

त्या दिवसांत मी साडी अगदी कमी नेसलो. हे मलाही अनपेक्षित होतं. बनियन-पायजम्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होतो, झाडांना पाणी घालत होतो, कांदा चिरत होतो, आणि पुरत होतं. आरशाकडे तर फिरकलोच नाही म्हणा.

रजा संपत आली तसा ॲसिटोनचा प्रश्न आला. नेहमीचं रिमूव्हर इथे चालत नाही. शुद्ध ॲसिटोन लागतं. ते बोहरी आळीतल्या एका दुकानात मिळालं. दुकानदाराने "फायबरचं काम आहे का?" विचारलं, मी हातमोज्यांतूनच "हो" म्हणालो, आणि एका अर्थी ते खोटंही नव्हतं. ॲसिटोन भयंकर ज्वालाग्राही. म्हणून हिने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि देवासमोरचं निरांजन लावायचं लांबणीवर टाकलं. "दिवेलागणीला नखं काढतोयस," ती म्हणाली, "तुझ्या आईला कळलं तर याच गोष्टीवरून ओरडतील. बाकीचं राहील बाजूला."

आधी लांबी कापायची, मग वरचा चकचकीत थर कानशीने घासायचा, नाहीतर ॲसिटोन आत शिरत नाही. बोटांना व्हॅसलीन. कापसाचा बोळा भिजवून नखावर ठेवायचा आणि वरून फॉइल घट्ट गुंडाळायचं. माझ्या डब्यातल्या पोळ्यांचंच फॉइल. एक हात मी केला. दुसऱ्या हाताला तिला यावं लागलं, कारण फॉइलमधल्या बोटांनी फॉइल गुंडाळता येत नाही. ॲसिटोन उडताना बोटं गारठतात, भर मे महिन्यात. दहाही बोटं चंदेरी करून मी खुर्चीवर बसलो आणि नेमका आईचा फोन आला. हिने फोन माझ्या कानाला धरला.

"काय करतोयस?"

"काही नाही, बसलोय."

"नुसताच?"

"नुसताच."

मग हिने मला चहा पाजला. बशीतून, फुंकर घालून.

वीसेक मिनिटांनी पहिलं फॉइल उघडलं. ॲक्रिलिक भिजलेल्या पापडासारखं लिबलिबीत झालं होतं. लाकडी काडीने कडेकडेने ढकलायचं. सुटेल तेवढं घ्यायचं. न सुटलं तर खरवडायचं नाही, पुन्हा कापूस, पुन्हा फॉइल, पुन्हा बसायचं. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. एक कड उचकटली की वाटतं, ओढावं. ओढलं तर ते येतंच, पण खालच्या खऱ्या नखाचे पापुद्रे घेऊन येतं.

मला ओढून काढण्याची सवय जुनी. आजवर जे जे उतरवलं ते घाईत. दाराची बेल वाजली, जिन्यात पाऊल वाजलं, की ब्लाउजचे हुक तुटले तरी चालतील, काजळ साबणाने खसाखसा, कानातलं निघेना तर ओढ. आणि ती दुसरी घाई, जी आमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. एखाद्या रात्री स्वतःचाच संताप येतो, सगळं बोचक्यात बांधून लांबच्या कचराकुंडीत टाकून यायचं, पुन्हा या वाटेला जायचं नाही अशी शपथ घ्यायची, आणि काही महिन्यांनी तोच परकर पुन्हा विकत घ्यायचा. माझ्या या शपथांचा हिशेब काढला तर कापडदुकानदारांचं बरं चाललंय. ॲसिटोनपुढे ही घाई चालत नाही. त्याला त्याचा वेळ लागतो आणि तोवर तुम्हाला समोर बसून आपल्या हातांकडे पाहावं लागतं. त्या संध्याकाळी कुणी येणार नव्हतं, शपथही घ्यायची नव्हती. निरांजन उशिरा लागलं.

खालची नखं पांढुरकी, कोरडी, कागदाइतकी पातळ निघाली. काही दिवस गरम पाण्याची आंघोळ नखांना झोंबत होती. नख म्हणजे मृत पेशींचं केराटिन. त्याला स्वतःला काही दुखत नाही, दुखतं ते त्याखालच्या कातडीला. हाताचं नख महिन्याला साधारण तीन-साडेतीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवं यायला सहाएक महिने. ऑफिसात कुणाच्याच काही लक्षात आलं नाही. करंगळीवाल्या सहकाऱ्याने मात्र व्हाउचर देताना माझ्या बोटांकडे पाहून सांगितलं, "कॅल्शियम कमी पडतंय तुम्हाला. दूध घेत जा." मी हो म्हणालो.

गणपती झाल्यावर एकदा त्याच पार्लरमध्ये नुसतं मॅनिक्युअर करायला गेलो. तिने हात ओळखला, मग मला. दिव्याखाली एकेक नख तपासलं.

"काढलं कुठं?"

"घरी."

"स्वतः?"

"बायकोने मदत केली."

"चांगलं काढलंय. बायका एवढा दम धरत नाहीत, दादा. टीव्ही बघत बघत ओढून काढतात आणि मग आमच्याकडे रडत येतात." तिने क्युटिकल ऑइलची बाटली उघडली. "परत कधी लावायचीत?"

"दिवाळीच्या सुट्टीत बघू म्हणतोय."

"मग आत्ताच वेळ घेऊन ठेवा. दिवाळीत गर्दी असते, ऐनवेळी आलात तर मी नाही म्हणणार."